न्यायमूर्ती रानड्यांचे एक साम्य आणि माळव्याची साक्ष

महाराष्ट्रातील संतांच्या कार्याचे मोल ठरविण्यासाठी आपल्या समीक्षेने गेली सव्वाशे वर्षे जी मापे वापरली, त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी घालून दिलेले माप सर्वांत टिकाऊ ठरले आहे. मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. त्यातील संतांवरील प्रकरणात त्यांनी असे प्रतिपादिले की, सोळाव्या शतकात युरोपात ल्यूथरप्रभृतींनी जी धर्मसुधारणा घडवून आणली, तिच्याच जातीची धर्मसुधारणा महाराष्ट्रातही घडली, आणि शिवछत्रपतींच्या राज्यस्थापनेला लागणारी मनोभूमी तिनेच तयार केली. हे साम्य पुढे व्याख्यानांत शिरले, निबंधांत शिरले, क्रमिक पुस्तकांत शिरले. आम्ही स्वतः पंचवीसेक वर्षे ते वर्गात सांगत आलो, आणि पुष्कळ काळ ते सांगताना आम्हांस त्याविषयी तिळमात्र शंका आली नाही.

आज त्या साम्याची तपासणी करावयाची आहे ती रानड्यांचे न्यून दाखविण्यासाठी नव्हे. रानडे ज्या ठिकाणी उभे राहून बोलले, ते ठिकाण पुणे-मुंबईचे होते. आम्ही ज्या ठिकाणी उभे आहोत, ते धार-देवासचे आहे. मराठ्यांच्या सत्तेबरोबर मराठी भाषा जेथे गेली आणि जेथे ती सभोवतालच्या लोकांची भाषा कधीच झाली नाही, अशा प्रांतातून या सिद्धान्ताकडे पाहिले म्हणजे त्याची एक बाजू अधिक स्पष्ट दिसते. ती बाजू मांडणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम साम्यातील खरा अंश पाहू. रानड्यांची मांडणी वरवरची नव्हती. पाचशे वर्षांच्या अवधीतील सुमारे पन्नास संतांची नावे त्यांनी डोळ्यांपुढे ठेवली आणि त्यांत स्त्रिया किती, मुसलमान किती, ब्राह्मण किती, कुणबी, शिंपी, माळी, कुंभार, सोनार, महार किती, याचा विचार केला. या मंडळीत ब्राह्मण सुमारे निम्मे आहेत, बाकीचे इतर सर्व जातींतून आले आहेत, ही गोष्ट त्यांना बोलकी वाटली. लॅटिनच्या जागी जर्मन किंवा इंग्रजी आली, तशी येथे संस्कृतच्या जागी मराठी आली. भिक्षूंच्या सक्तीच्या ब्रह्मचर्याला तेथे विरोध झाला, तर येथील संतांनी संसारात राहूनच परमार्थ साधला. उपासतापास, तीर्थाटन, कर्मकांड यांपेक्षा अंतःकरणाच्या शुद्धीला दोन्हीकडे महत्त्व मिळाले. हे सारे मान्य करावयास कोणतीच हरकत नाही.

कालगणनाही या साम्याला काही अंशी अनुकूल आहे. ल्यूथरने विटेनबर्ग येथे आपली प्रमेये १५१७ साली मांडली, नव्या कराराचे जर्मन भाषांतर १५२२ साली छापले आणि संपूर्ण बायबल १५३४ साली लोकांच्या हाती दिले. एकनाथांचा जन्म साधारणपणे १५३३ चा मानतात. त्यांनी आपली भागवताची टीका काशीस १५७३ साली पुरी केली आणि १५८४ साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करून दिला. मूळ ग्रंथाची विश्वसनीय प्रत लोकांपुढे असली पाहिजे, ही दृष्टी दोघांतही होती. जनसामान्यांच्या भाषेत परमार्थ सांगणे हा कमीपणा नसून तोच खरा अधिकार आहे, हा विश्वासही दोघांच्या ठायी सारखाच दिसतो. तथापि या साम्याला तेवढीच एक मर्यादाही आहे. ज्ञानेश्वरी ही ल्यूथरच्या सुमारे सव्वादोनशे वर्षे आधीची आहे. अर्थात महाराष्ट्रातील प्रवाह हा युरोपातील प्रवाहाचा प्रतिध्वनी नव्हता, हे रानड्यांनाही ठाऊक होते व त्यांच्या अभिमानाचे ते एक कारण होते.

आता साम्य कोठे तुटते ते पाहू. पहिली गोष्ट छापखान्याची. ल्यूथरची पत्रके आठवड्या-पंधरवड्यात गावोगाव पोहोचत होती. एकनाथांची ज्ञानेश्वरी हाताने नकलून घ्यावी लागे. आपल्याकडे छापखान्याचे काम कीर्तनाने, वारीने आणि पाठांतराने केले. यात एक बळ होते. निरक्षर माणसालाही अभंग आपला वाटला. पण यात एक उणेपणही होते. वाचणारा माणूस ग्रंथाशी एकान्तात वाद घालू शकतो. ऐकणारा माणूस समुदायाच्या सुरात सूर मिसळतो. धर्मसुधारणेने युरोपात शाळा काढल्या, कारण प्रत्येकाने बायबल स्वतः वाचले पाहिजे असा तिचा आग्रह होता. वारकरी पंथाने शाळा काढल्या नाहीत. तुकोबांची गाथा चोख संपादन होऊन छापली गेली ती १८६९ पासून, आणि तीही मुंबई सरकारच्या साह्याने.

दुसरी गोष्ट राजाश्रयाची. ल्यूथरला सॅक्सनीच्या राजाने पाठीशी घातले नसते, तर त्याचे काय झाले असते हे सांगणे कठीण आहे. पुढे १५५५ च्या ऑग्सबर्गच्या तहाने राजाचा जो धर्म तोच प्रजेचा धर्म, असे ठरले. म्हणजे अंतःकरणाच्या स्वातंत्र्यासाठी सुरू झालेली चळवळ चाळीस वर्षांच्या आत राजवाड्याच्या आज्ञेत जाऊन बसली. आपल्या संतांना असा राजा लाभला नाही. शिवाजीमहाराजांनी पाठविलेला नजराणा तुकोबांनी परत केला, ही कथा परंपरेने जपली आहे. इतिहास म्हणून तिचे मोल काहीही असो, परंपरेला काय जपावेसे वाटले हे तीवरून कळते. राजाश्रय नसणे हे संतांचे वैगुण्य नव्हते, ती त्यांची निर्मळता होती. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. माळव्याच्या संदर्भात तो पुन्हा उपस्थित होणार आहे.

तिसरी गोष्ट जातिभेदाची, आणि ती सर्वांत गंभीर आहे. रानड्यांच्या सिद्धान्तावर इतिहासाचार्य राजवाडे यांनी जो हल्ला चढविला, तो वेगळ्या दिशेचा होता. संतांच्या निवृत्तिपर शिकवणीने समाज निःसत्त्व झाला व त्याला जागे करण्याचे काम समर्थांनी केले, असे त्यांचे म्हणणे. प्रा. गं. बा. सरदार यांनी 'संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' या १९५० सालच्या पुस्तकात या दोन्ही टोकांचा समतोल परामर्श घेतला. परंतु आमच्या मते रानड्यांच्या साम्याची खरी कसोटी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लावली. 'जातिनिर्मूलन' या १९३६ सालच्या निबंधात त्यांनी ल्यूथरचा दाखला देऊन सांगितले की, राजकीय क्रांतीच्या आधी धार्मिक व सामाजिक क्रांती व्हावी लागते, आणि शिवाजीच्या आधी महाराष्ट्रात संत झाले हे त्याचेच उदाहरण होय. येथवर ते रानड्यांच्या बाजूचे आहेत. पण पुढच्याच वर्षी, दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींना उत्तर देताना, त्यांनी या साम्याची दुसरी बाजू उघड केली. संतांनी देवापुढे सर्व माणसे सारखी आहेत असे सांगितले. माणसापुढे माणूस सारखा आहे असे त्यांनी सांगितले नाही, हा त्यांचा आक्षेप होता. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. चोखोबांचा काळ चौदाव्या शतकाचा. सहाशे वर्षे सुधारणा पायरीपाशी थांबून राहिली होती, हे आम्ही कोणत्या शब्दांत नाकारणार?

मग रानड्यांना हे साम्य हवेसे का वाटले? त्याचे उत्तर त्यांच्या काळात आहे. मराठी मुलखात खरीखुरी प्रॉटेस्टंट धर्मसुधारणा त्यांच्या डोळ्यांपुढे आली होती. श्रीरामपूर येथे केरीने नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ साली छापले. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. अहमदनगराहून 'ज्ञानोदय' १८४२ साली निघू लागला. बाबा पदमनजी यांनी १८५४ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहून हिंदू विधवांचे दुःख कादंबरीच्या रूपाने मांडले. या नव्या पंथाचे आव्हान असे होते की, धर्म सुधारावयाचा असेल तर आमच्याकडे या. त्याला प्रार्थना समाजाने १८६७ पासून दिलेले उत्तर असे की, सुधारणा आमच्या घरातच आहे, तुकोबांची गाथा उघडा. रानड्यांचे साम्य हे या उत्तराचेच ऐतिहासिक रूप होय. ते इतिहासाचे विधान आहे, तसेच ते आत्मसन्मानाचे विधानही आहे. दुसऱ्या प्रकारचे विधान तपासताना समीक्षकाने सहृदय असावे, पण त्याला पहिल्या प्रकारचे समजू नये.

येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. रानड्यांनी संतांना प्रॉटेस्टंट म्हटले. आणि मराठीतील सर्वांत थोर प्रॉटेस्टंट कवीने स्वतः संतांचा मार्ग धरला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्ताचे अभंग रचले, कीर्तने केली, 'ख्रिस्तायन' आरंभिले. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची चाकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान दिले. बाबा पदमनजींची भाषा वाचली की एक सुबुद्ध, तळमळीचा माणूस आपल्या समाजाच्या बाहेर उभा राहून त्याला बोलतो आहे असे वाटते. टिळकांचा अभंग वाचला की तो माणूस बाहेर गेलाच नव्हता असे वाटते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे जे सोपे मराठी भाषांतर केले व जे त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले, त्यामागचा आग्रहही हाच होता की, मुक्तिसदनातील अर्धशिक्षित बाईला ते कळले पाहिजे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर या साऱ्या इतिहासाचे सर्वांत प्रांजळ पुस्तक आहे. त्यांत लक्ष्मीबाईंचे सोवळेओवळे बाप्तिस्म्याच्या आधीच गळून पडते, आणि ते कोणत्याही पंथाच्या उपदेशाने नव्हे, तर स्वतःच्या विचाराने. आमच्या दृष्टीने धर्मसुधारणेचे याहून शुद्ध उदाहरण मराठी गद्यात नाही.

या उदाहरणांवरून आम्हांस एक निष्कर्ष काढावासा वाटतो. पंथांची नावे, मूर्ती असणे-नसणे, पुरोहित मानणे-न मानणे या गोष्टी दुय्यम आहेत. धर्मसुधारणेचे मर्म, ती विटेनबर्गची असो की आळंदीची, एका प्रश्नात आहे: जो माणूस पायरीखाली उभा आहे त्याच्या भाषेत तुम्ही बोलावयास तयार आहात का? ज्ञानदेव तयार होते. ल्यूथर तयार होता. टिळक व रमाबाई तयार होत्या. आता हाच प्रश्न आम्ही आमच्या माळव्याला विचारू.

१७२८ साली अमझेऱ्याच्या लढाईत मोगल सुभेदार गिरिधर बहादूर पडला आणि माळव्याची वाट मराठ्यांना मोकळी झाली. अमझेरा आज धार जिल्ह्यात आहे. पवारांची एक शाखा धारेस राज्य करू लागली. तुकोजी व जिवाजी या दोन भावांच्या वंशाने देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात चालविल्या. धारचे यशवंतराव पवार १७६१ साली पानिपतावर पडले. दुसरे बाजीराव पेशवे १७७५ साली धारच्या किल्ल्यात जन्मले. पवारांबरोबर कारकून आले, पुजारी आले, शास्त्री आले, वैद्य आले, आणि त्यांच्या बासनांतून ज्ञानेश्वरी, दासबोध व तुकोबांचे अभंग आले. या घराण्यांचे वंशज आम्ही. दोन्ही संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली, १९५६ साली मध्य प्रदेश झाला, तरी आमच्या घरांतून हरिपाठ चालू राहिला. याचा आम्हांस अभिमान आहे, आणि तो असावयासच पाहिजे.

परंतु या प्रवासात अभंगाचे काय झाले, याचा विचार आम्ही केला नाही. देहू-आळंदीला अभंग ही कुणब्याची आणि वाण्याची भाषा होती. संस्कृतच्या मक्तेदारीविरुद्ध उभी राहिलेली ती भाषा होती. नर्मदा ओलांडून तीच भाषा माळव्यात आली, तेव्हा ती दरबाराची भाषा झाली. येथला शेतकरी माळवी बोलत होता, डोंगरातला भिल्ल भिली बोलत होता. त्यांच्या दृष्टीने अभंग म्हणजे राजवाड्यातून ऐकू येणारा, न कळणारा, पवित्र आवाज. युरोपात लॅटिनची जी जागा होती, तिच्या जवळपासची जागा येथे मराठीला मिळाली. शब्द तेच होते, कवी तेच होते. ऐकणारा बदलला, आणि ऐकणारा बदलला म्हणजे कवितेचे सामाजिक कार्यही बदलते. रानड्यांच्या सिद्धान्तात या बदलाला जागा नाही, कारण त्यांच्या मांडणीत संतांची वाणी आणि मराठ्यांची सत्ता ही एकाच दिशेने चालणारी दोन पावले आहेत. माळव्याची साक्ष अशी की, सत्तेबरोबर गेलेली संतवाणी आपले बंड वाटेतच विसरू शकते.

याची एक साहित्यिक नोंदही उपलब्ध आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी कारभारी होता. तेथील गोकुळअष्टमीच्या उत्सवाचे वर्णन त्याच्या पत्रांत आहे आणि ती पत्रे 'द हिल ऑफ देवी' या १९५३ सालच्या पुस्तकात आली आहेत. त्याच्या १९२४ सालच्या 'अ पॅसेज टू इंडिया' या कादंबरीचा तिसरा भाग याच अनुभवावर उभा आहे. त्यात मराठी ब्राह्मण प्राध्यापक गोडबोले तुकारामाच्या नावाचा घोष करीत, डोळे मिटून, भक्तीत रंगून गेलेले दिसतात. फॉर्स्टरला त्या गोंधळात प्रेम दिसले आणि ते खोटे नव्हते. देवासच्या महाराजांची भक्तीही खोटी नव्हती. पण समीक्षकाने आणखी एक गोष्ट पाहावी. तुकोबा येथे राजवाड्यात, राजाच्या उत्सवात, राजाच्या खर्चाने गायिले जात आहेत. ज्याने नजराणा परत केल्याची कथा आम्ही सांगतो, त्याला आम्ही राजवाड्यात नेऊन बसविले. त्या कादंबरीत गोडबोल्यांची शाळाही आहे, आणि तिचे पुढे धान्याचे कोठार झालेले असते. आम्ही शाळेचे मुख्याध्यापक असल्यामुळे ही गोष्ट आम्हांस विनोद म्हणून पुरतेपणी घेता येत नाही.

ख्रिस्ती प्रॉटेस्टंट मिशनही आमच्या प्रांतात आले. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या लोकांनी इंदुरास १८७७ साली काम सुरू केले आणि त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात ते धारेस आले. धारेस डॉ. मार्गारेट ओहारा या बाईंनी स्त्रियांसाठी वैद्यकीय काम केले. भिल्लांच्या मुलखात, आमखुट येथे, डॉ. ब्यूकॅनन जाऊन राहिले. या मिशनच्या धर्ममतांशी येथे आम्हांस कर्तव्य नाही. धर्मांतराच्या हेतूने केलेल्या सेवेविषयी आमच्या वडिलांच्या पिढीने घेतलेले आक्षेपही आम्ही जाणतो. मात्र एक गोष्ट नोंदविणे न्यायाचे होईल. परक्या देशातून आलेल्या या माणसांनी प्रथम विचारले की, येथले लोक कोणती भाषा बोलतात? आणि त्यांनी हिंदी शिकून आपले काम केले. आम्ही येथे दीडशे वर्षे आधी आलो होतो. हा प्रश्न आम्ही आमच्या भक्तीच्या संदर्भात कधी विचारला नव्हता.

आता एक घरची गोष्ट सांगतो. आमच्या शाळेचे माध्यम हिंदी असले तरी आषाढी एकादशीस तुकोबांच्या अभंगांचा कार्यक्रम करण्याची पद्धत आम्ही हौसेने चालविली. कार्यक्रमाला गावातील मराठी कुटुंबे येत. शाळेचा एक शिपाई जवळच्या खेड्यातला, जातीने बलाई, दर वर्षी सतरंज्या अंथरी आणि दाराशी उभा राही. एके वर्षी कार्यक्रम संपल्यावर त्याने अदबीने विचारले, "माटसाब, इनको अरथ कंई?" आम्ही त्यास अर्थ सांगितला: देव देवळात शोधू नये, तो दुःखिताला जवळ करणाऱ्याच्या ठायी आहे. त्याने मान डोलाविली आणि म्हणाला की, ही गोष्ट तर त्यांच्याकडे रोज रात्री गायिली जाते. त्याच्या गावात भजनमंडळी होती, तो स्वतः तंबुऱ्यावर कबीर गात असे, आणि त्याच्या आज्यापासून ते चालत आले होते. अकरा वर्षे तो आमच्या दाराशी उभा होता. अकरा वर्षांत आम्ही त्याला गाण्याविषयी विचारले नव्हते. त्या रात्री आम्ही घरी जाऊन रानड्यांचे प्रकरण पुन्हा काढले, आणि ज्या वाक्यांखाली आम्ही तरुणपणी रेघा ओढल्या होत्या ती वाचताना प्रथमच संकोच वाटला.

माळव्याच्या खेड्यांतील कबीरभजनांची परंपरा ही या प्रांताची खरी धर्मसुधारणा होय, असे आमचे मत आहे. कबीर काशीचा, पंधराव्या शतकातला. पण तोंडातोंडी आलेली त्याची पदे येथे माळवी बोलीत मुरली आहेत. ही पदे गाणारे बहुतेक दलित समाजातील आहेत. एकतारा, मंजिरा व ढोलक एवढ्या साहित्यावर ते रात्रभर गातात, आणि मधून मधून पदाच्या अर्थावर वादही करतात. ऐकणारा माणूस समुदायाच्या सुरात सूर मिसळतो, असे आम्ही वर म्हटले, ते येथे लागू पडत नाही, ही दुरुस्ती आम्हीच करून ठेवतो. देवास येथील एकलव्य संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात या मंडळ्यांना एकत्र आणून गायनाबरोबर विचारविनिमयही घडवून आणला. उज्जैन जिल्ह्यातील लुनियाखेडीचे प्रल्हादसिंह टिपानिया हे याच परंपरेतले गायक. ते व्यवसायाने शिक्षक होते आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही सारी मंडळी आमच्या शेजारची. पण मराठी संतवाङ्मयाच्या चर्चेत त्यांचे नाव आम्ही कधी घेतले नाही.

याला दोन अपवाद आहेत आणि ते दोन्ही मोठे आहेत. इंदूरजवळ महू गाव आहे. तेथे १४ एप्रिल १८९१ रोजी आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मास्तर होते आणि कबीरपंथी होते. त्यांच्या घरात कबीराचे दोहे आणि मराठी संतांचे अभंग एकत्र म्हटले जात. म्हणजे ज्या मनाने पुढे रानड्यांचे साम्य तपासले, त्याचे संस्कार अशा घरात झाले की जेथे देहू आणि काशी यांच्यात भिंत नव्हती. दुसरा अपवाद कुमार गंधर्व. मूळचे कर्नाटकातले, संगीत शिकले मुंबईस, आणि आजारी अवस्थेत १९४८ साली देवासला येऊन राहिले. प्रकृतीमुळे गाणे बंद असता त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, नाथपंथी आणि कबीरपंथी भजने ऐकली, आणि बरे झाल्यावर ती मैफलीत आणली. आमच्या तरुणपणी देवासला त्यांचे निर्गुणी भजन ऐकलेले लोक ती रात्र अजून सांगतात. कुमारांनी तुकोबाही गायिला आणि कबीरही गायिला. कोणता आपला आणि कोणता परका हा हिशेब त्यांनी केला नाही. मात्र याही बाबतीत एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कुमारांच्या मैफलीला आम्ही तिकीट काढून गेलो. ज्यांच्या कंठातून ती भजने आली, त्यांच्या ओसरीवर आम्ही गेलो नाही.

आमच्या म्हणण्याचा सारांश असा. रानड्यांचे साम्य टाकाऊ नाही. त्याने मराठी माणसाला आपल्या परंपरेकडे मान वर करून पाहावयास शिकविले. पण ते साम्य पूर्ण झालेल्या गोष्टीचे वर्णन म्हणून घेतले की आत्मसंतोष वाढतो. धर्मसुधारणा ही एकदा घडून गेलेली घटना नव्हे. युरोपात ती राजांच्या हाती पडून थिजली, महाराष्ट्रात ती पायरीपाशी थबकली, माळव्यात ती राजवाड्यात जाऊन बसली. तिचे जिवंतपण प्रत्येक पिढीला नव्याने सिद्ध करावे लागते, आणि त्याची कसोटी एकच. ज्ञानदेवांनी जे संस्कृतच्या बाबतीत केले, ते आम्ही आमच्या मराठीच्या बाबतीत माळवी माणसासाठी करू का? मराठी सोडावी असे आम्ही म्हणत नाही. संस्कृत सोडून ज्ञानदेव दरिद्री झाले नाहीत, आणि संस्कृत त्यांनी खरोखर सोडलीही नव्हती.

अकादमीच्या वाचकांपुढे यास्तव एक छोटी सूचना ठेवतो. माळव्यातील मराठी संस्थांनी तुकोबांच्या अभंगांबरोबर येथील मंडळ्यांच्या कबीरपदांचा पाठ जमवावा, दोन्हींचा तुलनात्मक अभ्यास करावा, आणि तो मराठीत व माळवीत, दोन्हींत मांडावा. गेल्या आषाढीस आमच्या शाळेत सतरंज्या मुलांनी अंथरल्या. तो शिपाई आता सेवानिवृत्त झाला आहे. तो आपल्या मंडळीसह आला, समोर बसला आणि प्रथम तो गायिला. अर्थ विचारण्याची पाळी या वेळी आमची होती.